पुणे विद्यापीठाची स्थापना

१० फेब्रुवारी १९४९ : मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने संमत केलेल्या अधिनियमान्वये या दिवशी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. १२ जिल्हे विद्यापीठाच्या अधिकारक्षेत्रात आले. आणि मुंबई प्रांताचे तत्कालीन मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने गणेशखिंडीतील गव्हर्नरांचा प्रासाद व त्याभोवतीची विस्तीर्ण जमीन विद्येच्या स्वाधीन झाली.

राजसत्तेचे निवासस्थान सरस्वतीच्या उपासनेस मिळावे, ही घटना शोभेची खरीच. परंतु तिचे मोल पुणे शहरात बसून कळणार नाही, ते बारामती तालुक्यातील सुप्यासारख्या गावी कळते. शहाजीराजांच्या जहागिरीच्या दप्तरांत ज्या परगण्याचे नाव पुण्याच्या जोडीने 'पुणे-सुपे' असे नांदले, पण ज्याच्या वाट्याला अवर्षण अधिक व उच्च शिक्षण अत्यल्प आले, त्या मुलुखातील विद्यार्थ्याला पदवीसाठी आता मुंबई विद्यापीठाच्या अखत्यारीकडे पाहण्याचे कारण उरले नाही. १९६२ साली बारामतीस तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले, तेव्हा तर तीच पदवी तालुक्याच्या ठिकाणी मिळू लागली, आणि घरची शेती न सोडता शिकता येणे ही गोष्ट, विशेषतः मुलींच्या बाबतीत, प्रथमच शक्यतेच्या कक्षेत आली. गव्हर्नरांच्या प्रासादाचा याहून उचित विनियोग मला तरी सुचत नाही.

त्याच १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन होऊन दक्षिणेकडील जिल्हे वेगळे झाले. २०१४ पासून पुण्याचे विद्यापीठ सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे आजही त्याच्या कक्षेत आहेत.