फोडशीचे बारसे

मृगाचा पाऊस लागला की आमच्या नांदगावच्या माळावर गवताबरोबरच फोडशी उगवते. पाती गवतासारखीच, पण बुंध्याशी एकवटून भोवती पसरलेली. नवख्याचा गोंधळ उडतो, घरातल्या आजीचा कधीच नाही. मधला निबर दांडा काढून टाकायचा, बुडख्याला माती असते म्हणून तीन-चार पाण्यांनी धुवायचे, बारीक चिरून कांदा, भिजवलेली मुगाची डाळ व ओले खोबरे घालून परतायचे. पुढे पाती निबर होतात आणि हे सुख वर्षभरासाठी संपते.

मौज अशी की, जी भाजी कोकणातल्या बायका पिढ्यान् पिढ्या रांधीत आल्या, तिचे शास्त्रीय बारसे झाले ते १९५५ साली! मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले स्पॅनिश धर्मगुरू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांनी फर्नांडिस यांच्यासह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन छापले, आणि बोरिवलीवरून तिला 'क्लोरोफायटम बोरिविलियानम' हे नाव दिले.

बाजाराने मात्र तिला ओळखले ते 'सफेद मुसळी' म्हणून. बाजाराची नजर पानावर नव्हती, मुळांवर होती. जमिनीखाली तिच्या पांढऱ्या, मांसल मुळांचा घोस असतो. सोलून वाळवलेली ही मुळे शक्तिवर्धक म्हणून औषधात जातात. पान खुडणारीने मूळ जमिनीत राहू दिले, म्हणून पुढच्या मृगाला भाजी पुन्हा आली. मूळ खणणाऱ्याने पुढचा मृगच उचलून नेला. मागणी वाढली तशी रानातली मुसळी विरळ होत गेली.

मग ती शेतात लावण्याची लाट आली. २००० साली केंद्र सरकारने औषधी वनस्पतींसाठी राष्ट्रीय मंडळही स्थापन केले. पण महागडे बेणे घेऊन मुसळी लावावी आणि विकायच्या वेळी भाव मिळू नये, असे कित्येक शेतकऱ्यांचे झाले. या पिकाची रीतही न्यारी. नुसते मूळ पुरून ते रुजत नाही. त्याला माथ्याकडचा डोळा राखावा लागतो. सारेच विकून टाकणाऱ्याजवळ बेणे उरत नाही.

आज दिवाळीत माळावर पाहाल तर फोडशीचे एक पान दिसणार नाही. ती मातीखाली निजली आहे. तिला तशीच निजू देण्याचा धीर ज्या गावाला आहे, त्याच गावाच्या ताटात मृगाची भाजी पडेल.