पुरस्काराची कादंबरी आणि औषधाचे दुकान

पुलित्झर पुरस्काराचा इतिहास बहुतेक वेळा निवडसमितीच्या खोलीत बसून सांगितला जातो. १९२१ साली परीक्षकांना सिंक्लेअर लुईसची ‘मेन स्ट्रीट’ हवी होती, पण वरच्या मंडळाने पारितोषिक दिले एडिथ व्हॉर्टनच्या ‘द एज ऑफ इनोसन्स’ला. पाच वर्षांनी त्याच लुईसला ‘ॲरोस्मिथ’साठी ते देऊ केले, तेव्हा त्याने ते नाकारले. हे किस्से रंजक आहेत आणि खरेही आहेत. पण त्यांत एक माणूस कुठेच दिसत नाही: दिवसभर शाळेत शिकवून, दुकान सांभाळून किंवा गोठ्यातले काम उरकून रात्री त्या कादंबरीची पंधरा-वीस पाने वाचणारा वाचक. अमेरिकेत १९२० ते १९६० या चार दशकांत अशा वाचकांची फार मोठी संख्या तयार झाली. ती पुरस्काराने तयार केली, असे सहज गृहीत धरले जाते. मला ते पटत नाही. रोजच्या धबडग्यात गंभीर कादंबरी वाचण्याची सवय तिथे लागली ती टपाल, पंचवीस सेंटची किंमत आणि औषधाच्या दुकानातली पुस्तकांची मांडणी यांमुळे. पुरस्काराचा शिक्का बहुधा मागाहून बसला.

तारखा पाहिल्या की हे लगेच ध्यानात येते. एडना फर्बरची ‘सो बिग’ ही १९२४ सालची अमेरिकेत सर्वाधिक खपलेली कादंबरी. तिला पुलित्झर मिळाले १९२५ मध्ये. चीनमधल्या एका शेतकरी कुटुंबावरची पर्ल बकची ‘द गुड अर्थ’ १९३१ च्या वसंतात बाजारात आली आणि वर्षभर खपाच्या यादीत अग्रभागी राहिली. पारितोषिक आले त्यानंतरच्या वर्षी. मार्गारेट मिचेलच्या ‘गॉन विथ द विंड’चे उदाहरण तर सर्वांत बोलके आहे. हजाराहून अधिक पानांचे, तीन डॉलर किमतीचे हे पुस्तक मंदीच्या ऐन काळात, जून १९३६ मध्ये निघाले आणि वर्ष संपायच्या आत त्याच्या दहा लाख प्रती गेल्या. पुलित्झर मिळाले मे १९३७ मध्ये. याची उलट बाजूही तपासता येते. १९४१ साली हेमिंग्वेच्या ‘फॉर हूम द बेल टोल्स’ला पारितोषिक द्यावे असे मंडळाचे मत होते, पण कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांनी विरोध केला आणि त्या वर्षी कादंबरीचे पारितोषिक कोणालाच दिले गेले नाही. वाचकांचे त्यावाचून काही अडले नाही. लाखो प्रती आधीच घराघरांत पोहोचल्या होत्या.

त्या पोहोचल्या कशा, हा खरा प्रश्न आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या बहुसंख्य काउंट्यांमध्ये पुस्तकांचे धड एक दुकानही नव्हते. मात्र टपाल सगळीकडे होते. विसावे शतक उजाडता उजाडता ग्रामीण भागात पत्रे घरपोच मिळू लागली होती, आणि १९१३ पासून सरकारी टपालाने पार्सलेही जाऊ लागली. हॅरी शेर्मन या जाहिरात व्यवसायातल्या माणसाने १९२६ साली ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ काढला तो या व्यवस्थेच्या भरवशावर. पाच परीक्षक दर महिन्याला एक पुस्तक निवडत, सभासदाला त्याची माहिती देणारे पत्रक येई, आणि ठरलेल्या मुदतीत ‘नको’ असे कळवले नाही तर पुस्तक दारात हजर होई. चार-पाच हजार सभासदांनी सुरू झालेल्या या क्लबाची सभासदसंख्या पहिल्याच वर्षी चाळीस हजारांच्या वर गेली. ‘द गुड अर्थ’, ‘गॉन विथ द विंड’, ‘फॉर हूम द बेल टोल्स’ ही तिन्ही पुस्तके याच वाटेने गेली.

यावर आक्षेप असा येतो की हे वाचन नव्हेच, ही विक्रीची क्लृप्ती आहे. ‘नको’ म्हणायला विसरलेल्यांच्या गळ्यात पुस्तक पडत होते. आक्षेपात तथ्य आहे. कपाटात न उघडता राहिलेल्या प्रतीही असणारच. पण त्यावरून सगळेच वाचक भोळे ठरत नाहीत. नकाराची मुभा होती आणि ती वापरली जात होती. शिवाय ज्या गावात दुकान नाही, तिथल्या बाईला कोणते पुस्तक मागवावे हे कोणी तरी सांगणे ही तिची गरज होती. शहरातल्या वाचकाला ते दुकानदार सांगतो, मित्र सांगतात. तिला पत्रकाने सांगितले. दोष काढायचाच तर तो निवडणाऱ्यांच्या भित्रेपणाचा काढावा. १९४० मध्ये रिचर्ड राइटची ‘नेटिव्ह सन’ क्लबाने घेतली, पण काही मजकूर काढून टाकायला लावल्यावरच. ती काटछाट वाचकांनी मागितली नव्हती.

पंचवीस सेंटची गोष्ट याच्याही पुढची. कापडी बांधणीची नवी कादंबरी अडीच-तीन डॉलरला मिळत असताना रॉबर्ट डी ग्राफने १९३९ साली ‘पॉकेट बुक्स’ सुरू केले. आधी त्याने ‘द गुड अर्थ’चीच छोटी चाचणी आवृत्ती काढून पाहिली. मग निघालेल्या पहिल्या दहा पुस्तकांत थॉर्न्टन वाइल्डरची १९२८ ची पुलित्झरविजेती ‘द ब्रिज ऑफ सॅन लुई रे’ होती. ही पुस्तके वर्तमानपत्राच्या स्टॉलवर, रेल्वे स्थानकात, सिगारच्या टपरीत आणि औषधाच्या दुकानात ठेवली जात. खोकल्याचे औषध न्यायला आलेला माणूस उरलेल्या सुट्या पैशांत कादंबरी घेऊन जाई. पुढे युद्ध आले आणि कादंबरी सैनिकाच्या खिशात गेली. १९४३ ते १९४७ या काळात सैन्यासाठी खास आवृत्त्यांच्या बारा कोटींच्या वर प्रती छापल्या गेल्या. मासिकांच्या यंत्रांवर दोन पुस्तके एकाखाली एक छापून मधून कापत, म्हणून ती आडवी, बुटकी असत. पानावर दोन स्तंभ, ओळी आखूड, म्हणजे मंद उजेडातही नजर भरकटत नसे. त्यांत स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ होती. याच कादंबरीवर कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीने १९३९ मध्ये आपल्या शाळा-ग्रंथालयांत बंदी घातली होती आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळाले होते. १९५२ च्या सप्टेंबरात ‘लाइफ’ साप्ताहिकाने हेमिंग्वेची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ एकाच अंकात संपूर्ण छापली. अंकाची किंमत वीस सेंट. दोन दिवसांत पन्नास लाखांवर प्रती संपल्या. पुलित्झर १९५३ मध्ये मिळाले, आणि १९६५ साली पु. ल. देशपांड्यांच्या ‘एका कोळियाने’मधून तो म्हातारा मराठी घरांतही आला.

समीक्षक ड्वाइट मॅकडॉनल्डने १९६० साली या सगळ्यावर कडाडून टीका केली. उच्च साहित्याचा आव आणणारे मध्यम दर्जाचे लेखन मध्यमवर्गाच्या गळी उतरवले जाते, असे त्याचे म्हणणे होते, आणि ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ हेच त्याचे एक ठळक उदाहरण. दर्जाबद्दलचा त्याचा वाद मी समजू शकतो. पुलित्झर मिळालेल्या कितीतरी कादंबऱ्या आज कोणी उघडत नाही. मात्र वाचकाच्या मनात पुस्तकाचे काय होते, याचा निवाडा पुस्तकाच्या दर्जावरून करता येत नाही. पुस्तके सुमार होती हे मान्य केले, तरी थकलेल्या माणसाने तासभर दुसऱ्याच्या आयुष्यात शिरणे ही क्षुल्लक गोष्ट ठरत नाही.

खरा आणि मोठा आक्षेप वेगळाच आहे, आणि त्याला माझ्याजवळ तोड नाही. ‘सगळीकडे’ पोहोचलेली ही कादंबरी सगळ्यांपर्यंत पोहोचली नव्हती. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांना मुख्य सार्वजनिक ग्रंथालयात प्रवेश नसे. त्यांच्यासाठी वेगळी, तुटपुंज्या पुस्तकांची शाखा असे, किंवा तीही नसे. पुस्तकापर्यंत जाण्याची वाटच वाचक घडवते हा माझा मुद्दा इथे उलट्या बाजूने सिद्ध होतो, हे मला क्लेशाने म्हणावे लागते. २७ मार्च १९६१ रोजी टूगालू कॉलेजचे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराच्या गोऱ्यांसाठी राखीव ग्रंथालयात गेले. आपल्या शाखेत न मिळणारी पुस्तके त्यांनी मागितली आणि टेबलाशी बसून ते वाचू लागले. पोलिसांनी त्यांना अटक केली. खोट्या आरोपात अडकवलेल्या कृष्णवर्णीय माणसाची आणि त्याचा खटला लढणाऱ्या गोऱ्या वकिलाची कथा सांगणाऱ्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ला पुलित्झर जाहीर झाले ते त्याच वर्षी मे महिन्यात. हार्पर लीची ही कादंबरी तोवर बुक क्लबांतून आणि संक्षिप्त आवृत्तीतून लाखो गोऱ्या घरांत वाचली जात होती. जॅक्सनचे ग्रंथालय सर्वांना खुले करण्याचा आदेश न्यायालयाने दिला १९६२ साली.