उद्यमशीलता आणि प्रदेश

“अमक्या मुलखाच्या रक्तातच धंदा आहे, आपल्याकडचा माणूस नोकरीचाच,” हे वाक्य ज्ञातीच्या मेळाव्यांतून आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, एकदा इतिहासाच्या कसोटीवर त्याची परीक्षा करावी, असे मनात आले.

डोंबिवलीच्या मानपाड्यापासून कल्याण ते कितीसे दूर! प्राचीन काळी ते नामांकित बंदर होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याच्या पडत्या काळाचे वर्णन आहे. तेथे योगायोगाने आलेली ग्रीक गलबतेही पहाऱ्यात भडोचला नेली जात. राज्यकर्त्यांच्या कलहात बाजार भडोचला गेला. पुढे दुसऱ्या शतकात सातवाहनांचा अंमल पुन्हा बसला आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरली गेली. कल्याणकरांचे रक्त मधल्या काळात दोनदा बदलले, असे तर कोणी म्हणणार नाही?

दुसरे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केले. गावच्या वस्तीवाढीसाठी जागा हवी झाली, तेव्हा कारखान्यास बेळगाव सोडावे लागले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी माळजमीन दिली, वर दहा हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. जवळच कुंडल रोडचे रेल्वे स्थानक होते, हेही विसरता कामा नये.

आता आपल्याकडे वळू. मानपाडे दोन, एक ठाण्यास घोडबंदर रस्त्यावर, दुसरे डोंबिवलीस. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले; ठाण्याची वागळे वसाहत त्याची पहिली, आणि पुढे डोंबिवलीतही कारखाने आले. पाणी, वीज, रेल्वे सर्व दाराशी. मग आपल्यांतून कारखानदार थोडेच का निघाले? जमीन गेली त्याच्या हाती मोबदला आला. पण गिऱ्हाईक कोठे, उधारी किती दिवसांची, बँकेत जामीन कोण, हे सांगणारा घरात कोणी नव्हता. कच्छी वा मारवाडी पेढीवरचा मुलगा हे मॅट्रिक होण्याआधीच शिकतो. शाळेत चक्रवाढ व्याज शिकवतात, खतावणी नव्हे.

आपला संघ दरसाल गुणवंतांस शिष्यवृत्त्या देतो, ते योग्यच आहे. परंतु लेथ यंत्र घेऊ पाहणाऱ्या होतकरू मुलास जामीन राहण्याची सोय आपल्या नियमांत नाही. ती करावी की कसे, हा प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, अशी कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे.