पैठणचा शालिवाहन आणि शकांचा शक

दर गुढीपाडव्याला आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड येतो. पैठणला कुंभाराघरी वाढलेल्या शालिवाहनाने मातीचे सैनिक घडवले, त्यांच्यात प्राण फुंकले, शकांना हरवलं आणि शालिवाहन शक सुरू केला. (दुसऱ्या एका कथेत शत्रू उज्जैनचा विक्रम आहे.) यंदा मला प्रश्न पडला: शकांना हरवलं, तर कालगणनेचं नाव 'शक' कसं?

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, गोदाकाठची सातवाहनांची राजधानी. पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो, की ते भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर आहे आणि तिथून मौल्यवान दगड गाड्यांतून बंदराकडे जातात. पितळखोऱ्याच्या लेण्यांत पैठणच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या दानाचा लेख आहे. म्हणजे शहर व्यापारावर उभं होतं.

आता शक. इ.स. ७८ पासूनची ही गणना सातवाहनांच्या लेखांत सापडत नाही. त्यांचे लेख राजाच्या राज्यवर्षाने मोजतात. ती वापरली पश्चिमेकडच्या शक क्षत्रपांनी. 'शालिवाहन' हे नाव तिला कित्येक शतकांनी चिकटलं.

मग कथा निव्वळ थाप का? १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. पण त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा शिक्का पुन्हा मारलेला. काहींवर नव्या ठशाखाली नहपानाचा चेहरा अजून दिसतो. विजय खरा होता. राजाने शत्रूची नाणी ओव्हरराइट केली, पुढे लोकांनी शत्रूची कालगणनाही केली. 'शालिवाहन शक' या नावात दोन्ही ठसे आहेत, वरचा आणि खालचा.

हे सगळं मी आजीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग ते कुंभाराचं पोर खोटं का रे?"

पुरावा नाही, एवढंच मला म्हणता आलं. नाशिकच्या लेण्यातल्या लेखात गौतमीपुत्राची थोरवी त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, कोरून घेतली. कुंभारांकडे शिलालेख कोरायची सोय नव्हती. त्यांच्याकडे गोष्ट होती, आणि त्यांनी राजालाच आपल्या घरात वाढवला.

तो फॉरवर्ड मी खोडला नाही. खाली जोगळटेंभीच्या नाण्याचा फोटो टाकला.