बी.एस्सी.च्या पुढे

१८५४ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग उघडला तो बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती म्हणून. रस्ता आखणारा, पुलाच्या कामावर नजर ठेवणारा माणूस तयार झाला की वर्गाचे काम संपले. १८६६ मध्ये हे शिक्षण मुंबई विद्यापीठाला जोडले गेले आणि विद्यार्थी एल.सी.ई. (लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग) होऊन बाहेर पडू लागले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये पुण्यातून एल.सी.ई. झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजूही झाले. यापुढे आणखी शिकावे असे ना सरकारला वाटत होते, ना मुलाच्या घरच्यांना. भारतात इंजिनिअरिंगचे पदव्युत्तर शिक्षण फार उशिरा रुजले, त्याचे मोठे कारण हेच: पदवीच्या उंबरठ्यावरच नोकरी उभी होती.

विज्ञान शिकलेल्याचे उलटे होते. पुढे शिकावे तरी पंचाईत आणि न शिकावे तरी पंचाईत. चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ मध्ये मद्रासहून भौतिकशास्त्र घेऊन एम.ए. झाले (हो, एम.ए.च) आणि सरकारच्या हिशेब खात्यात नोकरीला लागले. प्रयोग करायचे ते कलकत्त्यात, कचेरीच्या आधी आणि नंतर. दहा वर्षांनी त्यांना कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापकपद मिळाले, ते एका वकिलाने दिलेल्या देणगीतून. कुलगुरू आशुतोष मुखर्जींनी १९१४ मध्ये उभारलेले तिथले सायन्स कॉलेज तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांच्या पैशावर उभे राहिले. मालवणचे वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर याच विद्यापीठाकडून जर्मनीला गेले. महायुद्ध पेटले, ब्रिटिश प्रजाजन म्हणून जर्मनांनी त्यांना स्थानबद्ध केले, आणि बर्लिनची पीएच.डी. हाती आली ती १९१९ मध्ये.

पश्चिम भारतातला पैसा मात्र बंगळूरला गेला. जमशेटजी टाटांनी १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्त्या सुरू केल्या होत्या. त्यापुढचा त्यांचा विचार असा, की संशोधनाची सोय देशातच व्हावी. म्हैसूर दरबाराने सुमारे ३७१ एकर जमीन दिली, १९०९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स स्थापन झाली आणि १९११ मध्ये पहिले विद्यार्थी आले. मराठी घरांत तिचे नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट’ असेच रुळले. इथे पदवीधरालाच प्रवेश होता, पण संस्थेला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार १९५८ पर्यंत नव्हता. ती ‘असोसिएट’ म्हणून प्रमाणपत्र देई. एम.एस्सी. हवी असेल तर बंगळूरला काम करायचे आणि प्रबंध आपल्या मूळ विद्यापीठाला सादर करायचा.

कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, याच वाटेने गेल्या. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. थोरली बहीण दुर्गा भागवत. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या कमलाबाईंचा अर्ज रामन यांनी, तेव्हा ते संस्थेचे संचालक होते, मुलगी म्हणून नाकारला. त्या हटल्या नाहीत. प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थी म्हणून गणले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावे लागेल, आणि प्रयोगशाळेतले ‘वातावरण’ बिघडता कामा नये. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केले. १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी., तीही जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर. मुंबईच्या ज्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी पुढे शिकवले, तिच्याच त्या नंतर संचालक झाल्या.

त्याच १९३३ मध्ये मुंबईत तिसरीच एक वाट निघाली. गिरण्यांच्या शहराला रंग, ब्लीच आणि कापडाचे रसायन कळणारी माणसे हवी होती. विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग, सगळ्यांच्या तोंडी असलेले यूडीसीटी, सुरू केला. बी.एस्सी. होऊन आलेल्याला इथे आणखी दोन वर्षे घालवून बी.एस्सी. (टेक) मिळे. नावाला ती पहिलीच पदवी, पण घेणारा आधीच पदवीधर. १९३८ मध्ये कृष्णस्वामी वेंकटरामन संचालक झाले. कारखान्यात लागणाऱ्या रंगांवर ग्रंथ लिहिणारा हा माणूस पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. माटुंग्याच्या या विभागात उद्योग आणि संशोधन यांचा संसार जितका जमला तितका तो देशात क्वचितच कुठे जमला असेल. रघुनाथ माशेलकर १९६९ मध्ये मनमोहन शर्मांच्या मार्गदर्शनाखाली इथेच पीएच.डी. झाले.

स्वातंत्र्याच्या तोंडावर सरकार समितीने (हे अध्यक्ष नलिनी रंजन सरकार यांचे आडनाव) मोठ्या तांत्रिक संस्थांचा आराखडा मांडला. एका संस्थेत दोन हजार पदवीचे आणि एक हजार पदव्युत्तर विद्यार्थी, असे प्रमाण तिने धरले. १९५१ मध्ये खरगपूर, १९५८ मध्ये मुंबई अशा आयआयटी उभ्या राहिल्या. पण बी.टेक. झालेल्याला नोकरी किंवा अमेरिका हे दोन दरवाजे उघडे असताना एम.टेक.च्या वर्गात बसणारा मिळणे कठीण, ही जुनी अडचण राहिलीच.

होमी भाभांनी तिला बगल दिली. तुर्भ्याला १९५७ मध्ये सुरू झालेल्या प्रशिक्षण शाळेत विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या पदवीधरांना वर्षभर शिकवायचे, तेवढा काळ विद्यावेतन द्यायचे आणि मग अणुऊर्जा खात्यातच घ्यायचे. शिक्षण आणि नोकरी एकाच पाकिटात. भाभांच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले विद्यार्थी मात्र कितीतरी वर्षे मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. घेत राहिले, संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा २००२ मध्ये मिळाला.

विद्यापीठांत एम.एस्सी.चे दोन प्रकार होते, ‘बाय पेपर्स’ आणि ‘बाय रिसर्च’. पहिल्यात परीक्षा, दुसऱ्यात गाईड आणि प्रबंध. गर्दी अर्थातच पहिल्याला, कारण कॉलेजात लेक्चरर व्हायला तेवढी पुरे. आयआयटीच्या एम.एस्सी.साठी २००४-०५ पासून ‘जॅम’ ही एकच प्रवेशपरीक्षा आली आणि २००६ मध्ये पुण्यात आयसर ही विज्ञानशिक्षण आणि संशोधनाची संस्था निघाल्यावर बारावीनंतर सलग पाच वर्षांत बी.एस.-एम.एस. करण्याची सोय झाली.

इंजिनिअरिंगसाठी १९८० च्या दशकात आयआयटी आणि टाटा इन्स्टिट्यूट यांनी मिळून ‘गेट’ परीक्षा घ्यायला सुरुवात केली. गेट पास झालेल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याला महिना विद्यावेतन मिळते; २०१० च्या दशकात ते १२,४०० रुपये ठरले. पुढे सार्वजनिक क्षेत्रातल्या तेल आणि वीज कंपन्या भरतीसाठी याच परीक्षेचे गुण पाहू लागल्या. त्यामुळे एकाच गुणपत्रिकेवर आयआयटीतली जागा आणि कंपनीतली नोकरी, दोन्हींसाठी अर्ज करता येतो.