काचेचा चुडा

बांगडी फुटली असे आपल्या घरांतील जुनी बाई सहसा म्हणत नाही. बांगडी वाढली असे म्हणते. मंगळसूत्र तुटले तर तेही वाढते. जे बोलणे अशुभ त्यास नेमके उलट अर्थाचे क्रियापद लावून त्याचा दंश काढून टाकावयाचा, ही आपल्या भाषेची रीतच आहे. परंतु नवल हे की, सोन्याच्या पाटलीस असा मान नाही. पाटली झिजली, पाटली मोडली, असे आपण बेलाशक बोलतो. जी वस्तू कासार ओंजळभर देतो आणि जी धुणे धुताना दगडावर आपटून जाते, तिच्यासाठी मात्र भाषेने खास शब्द राखून ठेविला आहे.

उलट, काचेच्या जुन्या वस्तूंचा शौक करणाऱ्या मंडळींची कपाटे पाहावी. तेथे हंड्या असतात, झुंबरांचे लोलक असतात, अत्तराच्या कुप्या असतात. बांगडी क्वचितच असते. संग्राहकास अखंड वस्तू हवी आणि बांगडी तर फुटण्यासाठीच जन्मास आलेली! महाराष्ट्रातील काचेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास मात्र झुंबरे बाजूस सारून याच तुकड्यांपासून आरंभ करावा लागतो, असे आमचे मत आहे.

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचे टेकाड आहे. तेथे १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे डॉ. हसमुख सांकलिया व डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी उत्खनन केले आणि त्याचा वृत्तांत १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी थोड्याच काळात या टेकाडात काश्याच्या वस्तूंचा एक साठा सापडला होता. ग्रीक समुद्रदेव पोसायडन याची त्यातील चिमुकली मूर्ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे. पाहणाऱ्यांची गर्दी साहजिकच त्या मूर्तीभोवती होते. परंतु त्याच जमिनीने सातवाहनकाळाच्या थरांतून काचेचे मणी दिले आणि त्यावरच्या बहामनी काळाच्या थरांतून काचेच्या बांगड्यांचे तुकडे दिले, तेही विपुल. या तुकड्यांनी दीक्षितांचे मन इतके वेधले की, पुढे त्यांनी भारतीय काचेचा समग्र इतिहासच लिहिला. तो मुंबई विद्यापीठाने १९६९ साली छापला. या विषयात पाऊल टाकणारास आजही प्रथम त्याच ग्रंथाकडे जावे लागते.

समुद्रापलीकडील देव पंचगंगेपर्यंत आला कसा? कोकणची बंदरे आणि कोल्हापूरचे पठार यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे व तिच्यातील वाटा मोजक्या आहेत. त्यांतील दोन प्रसिद्ध वाटा आजच्या शाहूवाडी तालुक्यात चढून येतात. एक आंब्याची, दुसरी अणुस्कुऱ्याची. राजापूरच्या खाडीतून निघालेला माल बैलाच्या पाठीवर अणुस्कुरा चढून मलकापूरच्या बाजूस उतरावयाचा, ही मध्ययुगातील नित्याची गोष्ट. या मुलुखात पाऊस कोसळतो तो असा की, चार महिने डोंगर दिसतच नाहीत. त्या चिखलातून नाजूक माल नेणाऱ्या वंजाऱ्यांचे कौतुक कोणत्याही बखरीत आलेले नाही. इ. स. च्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दीने आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाराचे टाचण करून ठेविले आहे. भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात तो कच्च्या काचेचीही गणना करितो. म्हणजे परदेशची काच ढेकळांच्या रूपाने येई आणि तिला घाट येथला कारागीर देई. आपल्यास काच ठाऊकच नव्हती, ती परकीयांनी आणिली, असा अर्थ मात्र यातून कोणी काढू नये. काच हा शब्द आपल्या संस्कृत ग्रंथांत जुना आहे. आणि रोमचा प्लिनी तर हिंदुस्थानची काच स्फटिकाच्या चुऱ्यापासून होते म्हणून तिच्या तोडीची दुसरी नाही, असे लिहून गेला. त्याचे रसायन चुकले असेल, पण प्रशंसा खरी होती.

आता कारागिरीकडे वळू. वाळू, खार आणि चुना ही काचेची तीन द्रव्ये. वाळू एकटी वितळविणे जुन्या भट्टीच्या आवाक्याबाहेरचे. खाराने तिचा कडकपणा मोडतो आणि चुन्याने ती पाण्यात विरघळण्यापासून वाचते. वाळूत लोखंडाचा अंश जवळजवळ असतोच, म्हणून साधी काच आपोआप हिरवट उतरते. तांब्याने मोरपंखी अथवा भट्टीतील धुराच्या मानाने लाल, कोबाल्टाने गडद निळी, मँगनीजाने जांभळी, असा हा रंगांचा संसार आहे. लग्नातला हिरवा चुडा हा भूमीच्या लोखंडाचा आणि तांब्याचा प्रसाद आहे, असे म्हटले तर ते केवळ काव्य होणार नाही.

बांगडीची जुनी कृती अशी. लोखंडी सळईच्या टोकाशी तापलेल्या काचेचा गोळा घ्यावयाचा, त्यास भोक पाडावयाचे, आणि मातीच्या निमुळत्या शंकूवर तो चढवून शंकू गरगरा फिरवावयाचा. फिरण्याच्या वेगाने आणि हातातील आकडीच्या दाबाने भोक रुंदावत जाते आणि क्षणात सांध्यावाचून वर्तुळ तयार होते. अनेक रंगांची बांगडी करावयाची तर गोळ्यावरच दुसऱ्या रंगाचे थेंब वा धागे बसवून मग ती फिरवीत. काच थंड होण्यास लागणारा वेळ एवढाच कारागिराचा अवधी. चित्रकाराप्रमाणे थांबून पाहण्याची त्यास मुभा नाही. ब्रह्मपुरीच्या बहुरंगी तुकड्यांचे सौंदर्य या घाईतले आहे. फिरोजाबादेस पुढे निराळी रीत रूढ झाली. तेथे काचेचा धागा फिरत्या रुळावर गुंडाळून त्याचे वेढे कापतात आणि प्रत्येक वेढ्याची टोके ज्योतीवर जोडतात. तीत माल फार निघतो, हाताचा स्पर्शही उरतो. पण शंकूवरील अखंड वर्तुळाची सर तीस नाही.

जमिनीत शतकानुशतके पडलेल्या तुकड्यांवर कधी इंद्रधनुष्यासारखी झाक दिसते आणि संग्राहक तिच्यावर भुलतात. ती कारागिराची करणी नव्हे. ओलाव्याने काचेतील खार झिरपून जातो, पृष्ठावर अति पातळ पापुद्रे सुटतात आणि त्यांवर प्रकाश खेळतो. म्हणजे तो काचेचा रोगच. पण रोगाला इतके देखणे रूप क्वचितच लाभते.

बहामनी काळ म्हटला की शाहूवाडीकराच्या डोळ्यांपुढे बांगडी न येता खेळणा किल्ला येतो. महमूद गावानने १४६९ नंतरच्या मोहिमेत तो मोठ्या कष्टाने घेतला आणि १४७२ त गोवे घेऊन बंदरांची किल्ली हाती केली. त्याच खेळण्यास शिवछत्रपतींनी विशाळगड हे नाव दिले. लढाईचा इतिहास अशा नावांनी भरलेला असतो. परंतु ज्या काळात खेळण्याच्या रानांत फौजा अडकून पडत होत्या, त्याच काळात पंचगंगेच्या काठी हजारो स्त्रिया चुडे भरीत होत्या आणि ते वाढवीतही होत्या, हे सांगावयास एक तुकडाच पुरतो.

या वाढविण्याची एक काळी बाजू आहे आणि तिच्याविषयी मौन धरून काचेच्या शोभेवर लिहिणे आम्हांस अप्रामाणिक वाटते. पतीच्या निधनानंतर स्त्रीच्या हातावरील चुडा दगडाने फोडावयाचा, ही चाल आपण पिढ्यान्पिढ्या पाळिली. तेथे मात्र भाषेचे सारे हळुवारपण गळून पडते. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात विधवाविवाहास कायद्याचा आधार दिला. चालीला मात्र कायदा लवकर शिवत नाही. महाराजांच्या निधनास शंभर वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, ४ मे २०२२ रोजी, कोल्हापूर जिल्ह्याच्याच शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढिले. काचेच्या इतिहासात हा ठराव नोंदविण्याजोगा आहे. भट्टीतून बांगडी निघते त्या क्षणाइतकाच ती हातावर राहते की नाही हाही तिच्या इतिहासाचा भाग होय.

दरबारी काचेविषयी थोडक्यातच सांगतो. कोल्हापूरचा नवा राजवाडा मेजर मँटच्या आराखड्याप्रमाणे १८८४ च्या सुमारास पुरा झाला. तेथील दरबार दालनाच्या रंगीत काचांच्या खिडक्यांवर शिवचरित्रातील प्रसंग आहेत. विलायती कला आणि मराठी विषय यांचा हा संकर काहींना विजोड वाटतो. आम्हांस सकाळच्या उन्हात तो गोड वाटला.

स्वदेशीच्या लाटेने या धंद्यास नवे वळण दिले. अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. लोकमान्यांचा त्यास पाठिंबा होता आणि जपानात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे तिचे पहिले गुरू. तेथे माल तर झालाच, पण शिकून बाहेर पडलेली माणसे हाच त्या कारखान्याचा थोर माल. पुढे १९१६ साली कऱ्हाडाजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना घातला, त्याभोवती ओगलेवाडी वसली, आणि तेथून निघालेल्या ‘प्रभाकर’ कंदिलाने महाराष्ट्राची खेडी उजळली. वाऱ्यापावसात न विझणारा दिवा म्हणजे काय, हे शाहूवाडीसारख्या पावसाळी मुलुखातील माणसासच विचारावे. गोठ्यातली वासरे, शेजारच्या वाडीवरून आणावयाची सुईण, रात्रीचे भजन, सारे त्या काचेच्या आडोशाने चाले. खेड्यांत वीज आली तसा कंदील मागे पडला आणि पुढे ओगलेवाडीचा कारखानाही बंद झाला.

आज तो कंदील शौकिनांच्या खोल्यांत शोभेस टांगलेला दिसतो व त्यास किंमतही बरी येते. घेणाराने एवढे पाहावे की, काच मूळची आहे की मागाहून बसविलेली. हाताने फुंकलेल्या काचेत बारीक बुडबुडे आणि किंचित लहर सापडते. बोट फिरविले असता जाडी एकसारखी लागत नाही. आणि गडाच्या उतारावर अगर नांगरलेल्या शेतात बांगडीचा रंगीत तुकडा दिसलाच, तर तो खिशात न टाकिता जागच्या जागी राहू द्यावा व जाणत्यास दाखवावा. तो कोणत्या थरातला, कोणत्या खापरांच्या शेजारचा, हे कळले तरच त्याचे वय कळते. खिशात गेला की तो नुसती काच.