हलशीचे ताम्रपट आणि पावसाचे चार महिने

शास्त्रपाठ : लेवीय 19:9-10; मार्क 13:1-2



वळवाचे दोन पाऊस पडून गेले होते. रविवारची उपासना आटोपून आमच्या मंडळीतील आम्ही अकरा जण खानापूरहून हलशीला निघालो. अंतर जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटर, पण मनावर ओझे होते. आदल्या आठवड्यात मंडळीच्या सभेत आवाज चढले होते. सणाच्या दानातून थोडी रक्कम उरली होती. त्यातून देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसवावी, असे काहींचे म्हणणे होते. पावसाळ्यात चूल अडणाऱ्या घरांना तांदूळ द्यावा, असे इतरांचे. त्यावर कोणीतरी विचारले, "फक्त आपल्याच घरांना ना?" आणि सभा तिथेच मोडली.

वाटेत नंदगड लागले. संगोळ्ळी रायण्णांना 26 जानेवारी 1831 रोजी इथेच फाशी दिले गेले. त्यांच्या समाधीपाशी आम्ही क्षणभर उभे राहिलो आणि पुढे गेलो.

हलशी आज लहानसे खेडे आहे. कौलारू घरे, दारात गुरे, भोवती भातशेती. पण इसवी सनाच्या 5व्या-6व्या शतकांत हेच गाव पलाशिका नावाने कदंब राजांची दुसरी राजधानी होते, पहिली बनवासी. पुढे गोव्याच्या कदंबांच्या काळातही त्याचे महत्त्व टिकले. गावातील भूवराह नरसिंह मंदिरात समोरासमोर दोन गाभारे आहेत आणि शिवचित्त पेर्माडी राजाच्या काळातील 1169चा शिलालेख आहे. गावात जैन बस्तीही आहे. दुसऱ्यांच्या पवित्र जागी जसे वागावे तसे आम्ही वागलो. चपला बाहेर काढल्या, हळू बोललो, नीट पाहिले. पौलही अथेनैत आधी फिरून, निरखून पाहून मगच बोलला होता.

एका तरुणाने विचारले, "राजधानी होती, मग राजवाडा कुठे आहे?" दाखवायला राजवाडा नव्हता. यरुशलेमेच्या मंदिराचे भव्य दगड पाहून शिष्य थक्क झाले, तेव्हा प्रभू काय म्हणाला ते सर्वांना आठवले. कोणी मोठ्याने म्हटले नाही.

मग उरले काय? हलशीजवळ जमिनीत तांब्याचे पत्रे सापडले. त्यांवर कदंब राजांची दाने संस्कृतात कोरलेली आहेत. 19व्या शतकात जॉन फेथफुल फ्लीट यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. कदंब राजे स्वतःला मानव्य गोत्राचे, हारितीपुत्र म्हणवीत. म्हणजे ते वैदिक परंपरेतले. तरीही या ताम्रपटांतील दाने जैनांना दिलेली आहेत. मृगेशवर्मा राजाने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधले आणि 33 निवर्तने जमीन यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या साधुसंघांना दिली. निवर्तन हे त्या काळचे जमीन मोजण्याचे माप.

पण आमचे पाऊल अडले ते रविवर्म्याच्या काळातील एका ताम्रपटापाशी. गावाच्या उत्पन्नातून दरवर्षी आठ दिवसांचा उत्सव व्हावा, असे त्यात आहे. आणि त्याचबरोबर, पावसाच्या चार महिन्यांत साधूंना अन्न मिळावे, असेही आहे.

चारच महिने का? जैन साधू एरवी गावोगाव पायी फिरतात. पावसात जमिनीवर असंख्य जीव निपजतात. ते पायाखाली चिरडू नयेत म्हणून साधू चातुर्मासात एकाच ठिकाणी राहतात. आपल्या खानापूर तालुक्याचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. अशा पावसात ज्याने पाय आवरले, त्याचे पोट त्या गावाच्या हाती. ताम्रपट लिहिणाऱ्यांनी ही अडचण ओळखली होती. दान द्यायचे ते केव्हा लागते, हे पाहून त्यांनी दिले.

आम्ही झाडाखाली डबे उघडले आणि लेवीय 19वा अध्याय वाचला. शेताचे कोपरे कापू नका, सांडलेली कणसे वेचू नका, ती गरिबांसाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या, ही देवाची आज्ञा. उपरी म्हणजे आपल्यातला नसलेला. मवाबी रूथ अशाच एका शेतात वेचायला गेली, बवाजाने तिला हाकलले नाही, आणि तिच्याच वंशात दावीद जन्मला, आपला प्रभूही जन्मला. बवाजाने आधी तिची जात-मंडळी विचारून तिला परत पाठवले असते तर? तो प्रश्न ऐकून आमच्यातले एक वडीलधारे गृहस्थ बराच वेळ गप्प होते. सभेत "आपल्याच घरांना ना?" असे विचारणारे तेच होते.

शेवटी ते म्हणाले, "लावणी झाली की आमच्या गल्लीत हाताला काम नसते. मागच्या सुगीचे भातही सरलेले असते. पाऊस काही घर विचारून पडत नाही."

खरे सांगायचे तर ताम्रपटांवरही देणाऱ्यांची नावे आहेतच. नाव कोरणे हे पाप नव्हे. पण त्या नावांशेजारी काय कोरले आहे, ते महत्त्वाचे. आमच्या पाटीवर नुसतीच नावे आली असती.

पुढच्या सभेत पाटीचा विषय बाजूला ठेवला गेला. त्या रकमेतून तांदूळ घेतला आणि जून ते सप्टेंबर दर महिन्याला वाटला. यादी करताना एकच प्रश्न विचारला : या घरात आज धान्य आहे का? रक्कम थोडी होती, सगळ्यांना पुरली नाही. काही जण अजूनही नाराज आहेत. त्यांच्यासाठी आणि आमच्यासाठीही प्रार्थना करा.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या शेताचे कोपरे राखून ठेवायला आम्हांला शिकव. पावसात अडकलेल्याचे दार आम्हांला दिसू दे, आणि ते कोणाचे आहे हे विचारण्याआधी आमचा हात पुढे होऊ दे. आमेन.